जोडणीचा संगणक आणि खानदेशचे ऊन

कला शाखेच्या वार्षिकांकात केळीचे अर्थशास्त्र यावे, अहिराणी म्हणींचा अभ्यास यावा, फार तर शेवटच्या पानांत एखादे विडंबन यावे. परंतु संगणकाच्या सुट्या भागांवर लेख यावा, आणि तोही खेळ खेळण्याच्या संगणकावर, हे आमच्या काही प्राध्यापकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. 'विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकात लाव' असा सल्लाही मिळून चुकला आहे. तथापि गेल्या दोन वर्षांत माझ्याच ओळखीच्या पाच-सहा मित्रांनी असा संगणक घेतला किंवा घेण्याचा बेत केला, आणि त्यांपैकी बहुतेकांना दुकानदाराने पुढे केलेले कोटेशन वाचता आले नाही. न वाचता आलेल्या कागदावर अंगठा उठविण्याचे परिणाम काय होतात, हे शेतकऱ्याच्या मुलांना निराळे सांगावयास नको. कविता वाचायला आपल्याला वर्गात शिकवतात. कोटेशन वाचायला कोणी शिकवीत नाही. ती उणीव थोडीफार भरून काढावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझा मावसभाऊ धुळ्याला देवपुरात राहतो. लग्नाच्या चित्रफिती आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ जुळवून देण्याची कामे तो फोटोग्राफर मंडळींकडून घेतो. ही गाणी आता यू-ट्यूबवर साऱ्या खानदेशात पाहिली जातात, त्यामुळे कामाला तोटा नाही. रात्री मात्र त्याला 'व्हॅलोरंट' खेळायचे असते. २०२४च्या डिसेंबरात कापूस विकून आल्यावर काकांनी त्याच्या हातावर ७०,००० रुपये ठेवले आणि पुन्हा या कामासाठी पैसे मागायचे नाहीत असे बजावले. तो एका दुकानात जाऊन कोटेशन घेऊन आला. त्यावर लिहिले होते : 'गेमिंग पीसी. कोअर आय-सेव्हन. १६ जीबी रॅम. ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. रंगीत दिव्यांचा कॅबिनेट. ३५,००० फक्त.' निम्मे पैसे वाचणार म्हणून स्वारी खुशीत होती.

या पाच ओळींत एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही सगळे मिळून ती फसवणूक होती. 'आय-सेव्हन' हे घराण्याचे नाव आहे, माणसाचे नव्हे. कोणत्या पिढीचा आय-सेव्हन हे विचारल्यावर कळले की तो तिसऱ्या पिढीतला, म्हणजे २०१२ सालचा आहे. कुठल्यातरी कार्यालयातून मोडीत निघालेला, पुसून-झाडून नव्या पेटीत बसविलेला. त्याहून दहा वर्षांनी आलेला बाराव्या पिढीचा धाकटा 'आय-थ्री' त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीच्या आतल्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही, आणि विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. '४ जीबी ग्राफिक्स कार्ड' निघाले जीटी ७३०, म्हणजे २०१४चे. त्यावर चार जीबी स्मृती चिकटविलेली असते हे खरे. पण गोदाम मोठे असले म्हणून गिरणी मोठी होत नाही. घराण्याचे नाव आणि 'जीबी'चा आकडा या दोन गोष्टींवरच बहुतेक गिऱ्हाइके भुलतात. तेव्हा पहिला नियम हा की कोटेशनवर प्रत्येक भागाचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा. जो दुकानदार तो लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. मग तो कितीही गोड बोलो.

सुटे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असूनही एकमेकांत बसतात तरी कसे, असा प्रश्न कोणालाही पडावा. माणूस एकाचे हृदय, दुसऱ्याचे यकृत घेऊन जन्मत नाही. याचे श्रेय १९८१ सालच्या एका घाईला जाते. आय.बी.एम. कंपनीला आपला घरगुती संगणक लवकर बाजारात आणायचा होता, म्हणून तिने प्रोसेसर इंटेलचा घेतला, प्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली आणि रचना उघडी ठेवली. पाहता पाहता इतरांनी तसेच संगणक बनवायला सुरुवात केली. ही कंपनी १९७८मध्येच भारतातून निघून गेली होती, पण तिच्या रचनेचे वंशज मात्र आपल्या गल्लीबोळांत आले. आणि बाजारात मिळणारे तुकडे जोडून मोठे काम करता येते हे आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकमध्ये फार भव्य प्रमाणावर सिद्ध झाले. अमेरिकेने महासंगणक देण्यास खळखळ केली तेव्हा विजय भटकर यांच्या चमूने ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा एकत्र गुंफून १९९१मध्ये 'परम ८०००' उभा केला. भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले, म्हणजे आपल्या शेजारचेच. असो. आपल्याला परम करावयाचा नाही.

खेळाचा संगणक नेमके करतो काय? पडद्यावरचे चित्र हलते असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते हलत नाही. सिनेमाप्रमाणेच एकामागून एक स्थिर चित्रे दाखविली जातात. सिनेमातली चित्रे आधी काढून ठेवलेली असतात, सेकंदाला २४. खेळातली चित्रे मात्र जागच्या जागी काढावी लागतात, कारण पुढच्या क्षणी खेळणारा डावीकडे वळेल की उजवीकडे हे कोणालाच ठाऊक नसते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर सातही मिळत नाहीत. नेहमीच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांतील प्रत्येकाचा रंग तेवढ्या वेळात ठरवायचा. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके, म्हणजे बरोबर चौपट काम.

हे काम दोघे मिळून करतात. शत्रू कोठे उभा आहे, गोळी भिंतीला लागली की माणसाला, दार उघडले की नाही, हे सगळे प्रोसेसर ठरवितो. तो दिग्दर्शक समजा. त्याने सांगितलेला देखावा रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. दिग्दर्शकाजवळ थोडीच पण फार हुशार माणसे असतात. रंगाऱ्याजवळ साध्या कामाची प्रचंड फौज असते. उदाहरणच द्यायचे तर आम्ही शेवटी घेतलेल्या 'रायझेन ५ ५६००' प्रोसेसरात ६ गाभे आहेत आणि 'आर.टी.एक्स. ४०६०' या कार्डात ३,०७२. संख्येची तुलना करून कोण थोर हे ठरवू नये. कुलगुरूंची संख्या आणि विद्यार्थ्यांची संख्या यांची तुलना करण्यासारखेच ते होईल.

येथेच निवडीचा खरा प्रश्न येतो. एक बैल खिल्लारी आणि दुसरा मरतुकडा अशी जोडी औताला जुंपली तर औत मरतुकड्याच्याच चालीने चालते. वर खिल्लारी बैलाची वैरण फुकट जाते. महागडा प्रोसेसर आणि हलके कार्ड, किंवा उलट, घेतले की असेच होते. कोणता बैल अडतो आहे हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार, म्हणजे रेझोल्यूशन, कमी करावा. रंगाऱ्याचे काम त्याने घटते. तरीही सेकंदाची चित्रे वाढली नाहीत तर अडचण रंगाऱ्याची नसून बहुधा दिग्दर्शकाची आहे. संगणक जुना असेल आणि त्यात एकच भाग बदलण्याइतके पैसे असतील, तर ही परीक्षा आधी करावी. दुकानात नंतर जावे.

पैशांची वाटणी कशी करावी याचे शास्त्र नाही. आमच्या हिशेबात एकट्या कार्डाने चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक खाल्ले आणि ते मला रास्त वाटते. परंतु कोणते खेळ खेळायचे हे आधी ठरले पाहिजे. 'व्हॅलोरंट'सारखा खेळ मुद्दामच असा बनविला आहे की साध्या संगणकावरही चालावा; त्याला कार्डापेक्षा प्रोसेसर अधिक लागतो. मोठी नगरे, पाऊस, आरशासारखी ओली रस्त्यांची फरशी असलेले कथाप्रधान खेळ कार्डाचा घाम काढतात. निव्वळ 'व्हॅलोरंट' खेळायचा असता तर मी भावाला ४०६० घेऊच दिले नसते. त्याला व्हिडिओ जुळवायचे होते, आणि तयार चित्रफीत बाहेर काढण्याचे काम करणारी स्वतंत्र यंत्रणा या कार्डात असते, म्हणून ते घेतले. २०२२च्या जानेवारीत आलेले 'आर.एक्स. ६५०० एक्स.टी.' स्वस्तात मिळत होते. पण त्यात ती यंत्रणाच नाही. शिवाय ते बोर्डाशी अवघ्या चार वाहिन्यांनी बोलते, त्यामुळे जुन्या बोर्डावर लावले की आणखी मंदावते. स्वस्त कार्डांत काय काय गाळले आहे हे पेटीवर लिहिलेले नसते.

प्रोसेसरच्या नावामागची अक्षरे फार बोलकी असतात. इंटेलच्या क्रमांकामागे 'एफ' असेल तर त्यात स्वतःची चित्रशक्ती नाही. कार्ड बिघडले की पडदा काळा. ए.एम.डी.च्या '५६००जी'मधल्या 'जी'चा अर्थ चित्रशक्ती आत आहे. आज पैसे कमी असून कार्ड वर्षभराने घ्यायचे असेल त्याला 'जी' बरा. मात्र पुढे कार्ड लावल्यावर साधा ५६०० त्याहून सरस ठरतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही वरच्या दर्जाचे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे खराब होत असल्याचे २०२४मध्ये उघड झाले आणि कंपनीला त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. जुने घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मदरबोर्डाबद्दल फार लिहीत नाही. खोबणी जुळली पाहिजे हे उघड आहे. ए.एम.डी.ची जुनी खोबणी 'ए.एम.४', नवी 'ए.एम.५', आणि नवीत फक्त डी.डी.आर.५ रॅम चालते. एक खाचखळगा मात्र सांगितलाच पाहिजे : जुना पडून राहिलेला बोर्ड आणि नंतर आलेला प्रोसेसर यांची खोबणी जुळूनही बोर्डातील 'बायोस' जुनी असेल तर संगणक उठतच नाही. दुकानदाराकडूनच ती अद्ययावत करून घ्यावी. रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८च्या दोन घ्याव्यात. ठिबकवाल्यांच्या जिल्ह्यात याचे कारण समजावून सांगणे सोपे आहे : टाकी तेवढीच, पण नळ्या दोन. त्या दोन पट्ट्या कोणत्या खाचांत बसवायच्या हे बोर्डाच्या पुस्तिकेत असते. बहुधा एक सोडून एक. साठवणीसाठी एस.एस.डी. घ्यावी, फिरत्या तबकडीचा विचार करू नये. एन.व्ही.एम.ई. जातीची साट्यापेक्षा कितीतरी वेगवान असते खरी, पण खेळात तो फरक आकड्यांइतका जाणवत नाही.

रॅमच्या बाबतीत आमचा मुहूर्त चांगला होता, एवढेच म्हणतो. २०२५च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि घरगुती रॅमचे भाव कडाडले. त्याच डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने 'क्रुशल' या नावाचा आपला घरगुती ग्राहकांचा धंदा बंद करण्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कच्या वायद्यावर यावलच्या कापसाचा भाव हलावा, तसेच हे.

आता मुख्य विषयाकडे वळतो, कारण वर लिहिलेले बरेचसे मुंबई-पुण्याचा मुलगाही लिहू शकला असता.

आपण जेथे राहतो तेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. जळगाव आणि भुसावळ ही नावे उन्हाळ्यात रोज संध्याकाळच्या बातम्यांत येतात. कार्डांची परीक्षा करणारे लोक मात्र आपापल्या वातानुकूलित खोल्यांत २१ ते २५ अंशांत बसून 'हे कार्ड ७० अंशांवर राहते' असे लिहितात. ते खोटे लिहीत नाहीत. पण तो आकडा जसाच्या तसा उचलणे चूक आहे. कार्ड स्वतःची उष्णता भोवतालच्या हवेत टाकते, म्हणून त्याचे तापमान हे खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतके जास्त, असे मोजावे लागते. २३ अंशांच्या खोलीत ७० म्हणजे ४७ अंशांची चढ. तेच कार्ड पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत नेले की ८७च्या आसपास जाणार. कार्डे साधारण ८३ ते ९० अंशांपाशी पोहोचली की स्वतःला वाचविण्यासाठी आपणहून वेग कमी करतात. प्रोसेसर ९०-९५पाशी तेच करतो. भर दुपारी सालदार जसा हात आखडता घेतो, तसेच. यंत्र बिघडत नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो वेग एप्रिल-मेमध्ये मिळत नाही. म्हणून कोणत्याही परीक्षणातला तापमानाचा आकडा घेऊन त्यात पंधरा-सतरा मिळवावेत आणि मग निर्णय घ्यावा. ही बेरीज दुकानदार करून देत नाही.

याच कारणाने 'वॅट' हा आकडा आपल्याकडे दुप्पट महत्त्वाचा. संगणकाने खाल्लेली सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीतच उतरते. ४०६० कार्ड ११५ वॅटचे. त्याआधीचे ३०६० हे १७० वॅटचे. ३०६०मध्ये १२ जीबी स्मृती आणि ४०६०मध्ये ८, त्यामुळे पुष्कळजण जुन्याकडे झुकतात, आणि व्हिडिओच्या कामाला जादा स्मृती उपयोगी पडते हेही खरे. पण बंद खोलीत ५५ वॅटची जादा शेगडी चार-चार तास पेटती ठेवण्यापेक्षा मी कमी स्मृती पत्करली. नाशिकला राहत असतो तर कदाचित उलटा निर्णय घेतला असता. बिलाचेही पाहा : सगळे मिळून ३०० वॅट धरले आणि रोज चार तास चालविले तर महिन्याला ३६ युनिटे होतात. घरगुती वापर १०० युनिटांच्या पुढे गेला की वरच्या युनिटांचा दर चढतो, हे घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक असते आणि आपल्याला नसते.

कॅबिनेट निवडताना समोर काच असलेला घेऊ नये, जाळीचा घ्यावा. काचेतून दिवे छान दिसतात, हवा आत जात नाही. समोरून थंड हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. स्वयंपाकघराला धुराडे वरच का असते हे ज्याला कळते त्याला हे कळते. परंतु जाळी आली की धूळ आली. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, त्यात जिनिंगचा हंगाम असेल तर कापसाचा तंतू आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ डाळीचा कोंडा. तीन महिन्यांत पंख्याच्या पात्यांवर गोधडी तयार होते. जाळीमागची गाळणी काढून धुता येईल अशीच असावी. ब्लोअरने हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. मोकळा सोडला तर तो नको तितका वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते.

'कूलर' या शब्दाने आमच्या घरी बराच घोळ घातला. प्रोसेसरला चांगला कूलर हवा असे मी फोनवर सांगितले तेव्हा मावशीने विचारले, 'हाई काय शे? घरमा कूलर शे ना!' प्रोसेसरवरचा पंखा आणि खिडकीतला वाळ्याचा कूलर या दोन वेगळ्या वस्तू, पण दोघांचा संबंध आहेच. खिडकीतला कूलर खोली गार करतो, आणि संगणकाला त्याचा फायदाच होतो. मात्र त्याच्या झोतात संगणक ठेवू नये. झोताबरोबर बारीक थेंब उडतात, आणि आपले पाणी जड असल्याने ते वाळले की पांढरा क्षार मागे राहतो. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून वीतभर दूर, अशी जागा उत्तम. समोरची खिडकी थोडी उघडी असावी, नाहीतर कूलर नुसता दमटपणा वाढवितो.

दुसरा स्थानिक शत्रू म्हणजे वीज, आणि म्हणून ज्या भागावर सगळे सर्वांत कमी खर्च करतात त्या भागावर, म्हणजे पॉवर सप्लायवर, मी सर्वांत जास्त हटून बसलो. दुकानदार याला एस.एम.पी.एस. म्हणतात आणि पुष्कळदा कॅबिनेटबरोबर 'फुकट' देतात. फुकटच्या पेटीवर '४५० वॅट' असे ठळक छापलेले असते. त्याकडे पाहू नये. पेटीच्या कडेला एक तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ने गुणावे. प्रोसेसर आणि कार्ड ही दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर जगतात. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट, बाकीचे सगळे कागदी. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे ५४० वॅट दिसतात. हा एक गुणाकार ज्याने केला त्याचे निम्मे नुकसान टळले. ५५०च का, तर हिशेब असा : कार्ड ११५, प्रोसेसर सढळ हाताने ८८, बाकी सगळे ५० धरले तरी २५३ होतात. साधारण अर्ध्या भारावर सप्लाय सर्वांत काटकसरीने आणि शांतपणे चालतो, आणि उद्या मोठे कार्ड घेतले तर तो बदलावा लागत नाही.

पेटीवर '८० प्लस' असा शिक्का असतो. त्याचा अर्थ खाल्लेल्या विजेपैकी किमान ८० टक्के कामी येते. चांगली गोष्ट आहे, पण तिचा अर्थ तेवढाच. ही चाचणी २३ अंशांच्या आसपास घेतली जाते, जी आपल्याकडे जानेवारीत मिळते. आणि लखलखाट झाला तर सप्लाय आतल्या भागांना वाचवील की नाही हे ती सांगत नाही. काही कंपन्या ४० किंवा ५० अंशांत पूर्ण वॅट देण्याची हमी छापतात. खानदेशातल्या माणसाने तो आकडा शोधावा.

शेजारच्या घरी मोटर सुरू झाली की दिवे मिणमिणतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. चांगला सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे नुसते व्होल्टेज उतरल्याने काही होत नाही. पण वीज पूर्ण गेली तर तो जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे साधारण एका चित्राचा वेळ. तीन तासांची चित्रफीत बाहेर निघत असताना वीज गेली तर काय होते हे माझ्या भावाला विचारा. त्यासाठी यू.पी.एस. हवा. त्यावरही 'व्ही.ए.' आणि 'वॅट' असे दोन आकडे असतात, ६०० व्ही.ए.चा म्हणजे बहुधा ३६० वॅटचाच. आम्ही १००० व्ही.ए.चा घेतला. तो खेळ चालू ठेवण्यासाठी नाही, शांतपणे फाइल जपून संगणक बंद करण्यासाठी आहे.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार मी जळगावच्या जुन्या वाड्यांतून अनेकदा ऐकली आहे, आणि लोक त्यावर रबरी चपला घालण्याचा उपाय करतात. सप्लायमध्ये गडबड गाळण्यासाठी जे घटक बसविलेले असतात त्यांतून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते. तिने अर्थच्या तारेतून जमिनीत जायचे असते. तारच नसेल तर ती आपल्या बोटाची वाट पाहते. भावाच्या घरी तीन पिनांचे सॉकेट होते, तिसरे भोक कशालाच जोडलेले नव्हते. वायरमनला बोलावून अंगणात खड्डा, पट्टी, कोळसा-मीठ हे सगळे करून घेतले. ७०,००० रुपयांच्या यादीत हा खर्च कोणीच धरीत नाही. मी तो पहिल्या ओळीत धरीन.

खरेदी कोठे करावी याबद्दल वसतिगृहात रोज वाद होतात. जळगावचे गोलाणी मार्केट हाताशी आहे. मुंबईचे लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्थानकापासून जवळ आहे आणि तेथे निवड भरपूर. ऑनलाइन भाव बहुधा सर्वांत कमी. माझे मत असे की कार्ड आणि प्रोसेसर जेथे स्वस्त मिळतील तेथून घ्यावेत, पण बोर्ड आणि पॉवर सप्लाय गावातल्या दुकानातून घ्यावा, कारण बिघाड झाला तर बहुधा यांच्यामुळेच पळापळ होते. दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी हरकत नाही. जी.एस.टी.चे पक्के बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर मात्र हवाच. कच्च्या चिठ्ठीवर मिळणारी सूट ही हमी विकून घेतलेली सूट असते. परदेशातून परस्पर आलेल्या मालाला भारतात हमी नसते, हेही विचारून घ्यावे.

वापरलेले कार्ड घ्यावे का? घ्यावे, पण जळगावचा माणूस सोने घेतो तसे : कसोटीवर घासून. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि दिवसरात्र राबविलेली कार्डे ढिगाने जुन्या बाजारात आली. राबलेले कार्ड वाईटच असते असे नाही. त्याचे पंखे आणि उष्णता वाहणारा लेप दमलेले असतात, ते बदलता येतात. अधिक भीती नकली कार्डांची. जुनाट कार्डाच्या पोटातली ओळख बदलून ते नव्या नावाने विकतात, 'जी.पी.यू.-झेड' नावाची लहानशी मोफत आज्ञावली अशी बरीच सोंगे उघडी पाडते. ती चालवावी, नंतर अर्धा तास एखादा जड खेळ समोरच चालवून तापमान पाहावे, पडद्यावर ठिगळे किंवा चांदण्या दिसतात का ते पाहावे. विकणारा 'वेळ नाही' म्हणाला तर आपल्यालाही पैसे द्यायला वेळ नाही.

भावाचा संगणक अखेर ७०,०००च्या आत बसला तो एका तडजोडीमुळे. पडदा त्याने जुनाच ठेवला, ६० हर्ट्झचा. कार्ड सेकंदाला दोनशे चित्रे काढो, हा पडदा साठच दाखवितो. म्हणजे सध्या त्याचा खिल्लारी बैल पडद्यापाशी अडतो. पण पडदा ही एकटी वस्तू आहे, ती बाकी काही न उघडता बदलता येते, म्हणून मागे ठेवायची झाली तर तीच ठेवावी. २०२५च्या एप्रिलमध्ये ३८ अंशांच्या खोलीत चित्रफीत बाहेर निघत असताना कार्डाने ७९ अंश दाखविले. बेरीज जुळली.

लग्नसराईच्या पैशांतून तो आता १४४ हर्ट्झचा पडदा घेणार आहे. त्याला, आणि घेणाऱ्या सर्वांनाच, दोन सूचना. पडद्याची तार बोर्डाच्या मागच्या खोबणीत न घालता खाली आडव्या बसलेल्या कार्डाच्या खोबणीत घालावी. ५६००सारख्या प्रोसेसरात स्वतःची चित्रशक्ती नसल्याने वरच्या खोबणीत घातली तर संगणक बिघडला अशी हाकाटी होते आणि दुकानदार तपासणीचे पैसे घेतो. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६०चा आकडा हाताने १४४ करावा. नवा पडदा लावला तरी तो कित्येकदा ६०वरच राहतो, आणि वर्षभर कोणाच्या ध्यानातही येत नाही.